दोन्ही एकच

मी, शालन कापडणीस, वय एकावन्न,
धंदा टायपिंग, राहणार नाशिक,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की

जुन्या सीबीएससमोर, कोर्टाच्या भिंतीला टेकून
जी सहा बाय आठची टपरी आहे,
तिच्यातला कॉम्प्युटर मंगळवारी सकाळी
अर्ध्या वाक्यात गेला.
बाकावर दिंडोरीहून आलेली बाई बसलेली.
शाळेच्या दाखल्यावर छबू बोरस्ते,
रेशनकार्डावर इंदुमती खैरनार.

एमजी रोडवाला फोनवर म्हणाला, अख्खा सेटच बदला, मॅडम,
जुन्यात आता काय राहिलंय.

हेरंब आला, तांबट आळीतला.
घरात आता कुणी हंडा ठोकत नाही,
पण कान तोच आहे.
पंख्याच्या घरघरीवरून सांगतो,
बेअरिंग किती दिवसांचं पाहुणं.
त्यानं कालचा पेपर अंथरला, झाकण काढलं,
आणि तेरा वर्षांची धूळ बाहेर आली,
तिच्यात माझे केस, स्टॅम्प पेपरची कड, एक मेलेलं झुरळ.

मदरबोर्डावरचे चार कपॅसिटर फुगलेले,
डोक्यावर काहीतरी उतू जाऊन वाळलेलं.
हा गेला, म्हणाला. बाकीचे बघू.

कॅबिनेट चालेल.
एसएमपीएस चालेल, दिवाळीआधीच तर टाकलाय.
प्रोसेसर बसेल नव्यावर, नशीब तुमचं.
हार्ड डिस्कला हात लावण्याआधी
त्यानं मनगटातलं कडं काढून ठेवलं.
रॅम मात्र नाही.
तिची खाच जरा सरकलेली.
गव्हाच्या दाण्याएवढ्या फरकापायी
चांगली धडधाकट रॅम
माझ्या ड्रॉवरमध्ये, शाईच्या पॅडशेजारी.

प्रोसेसरवरची जुनी पेस्ट खडूसारखी झालेली.
ती त्यानं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली,
कल्हईआधी भांडं घासतात तशी, चेहरा दिसेपर्यंत,
आणि मुगाएवढा नवा ठिपका ठेवला.

बटण दाबलं.
पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला.
परत. परत अर्धाच.
माझ्या पोटात एकवीसशे रुपयांचा गोळा.
छबूबाईंनी पिशवीतून दशम्या काढल्या,
आता काही आपलं खरं नाही, अशा हिशोबानं.

हेरंबनं सगळं पुन्हा सोडवलं.
बोर्ड उचलून पाठ बघितली, मग पत्रा बघितला.
तिथं एक पितळी खुंटी उभी होती.
जुना बोर्ड रुंद होता, त्याला तिचा आधार होता.
नव्याला त्या जागी भोकच नाही,
ती नुसती पाठीत टोचत होती.
पकडीनं त्यानं ती फिरवून काढली,
माझ्या तळहातावर ठेवली.
मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल.
म्हणाला, चहा सांगा, ताई.

मग सुरू झाला.
पडद्यावर आलं की हे मशीन ओळखीचं नाही,
परवान्याचा नंबर टाका.
तेरा वर्षं याच कीबोर्डवर बोटं झिजवली माझी,
'अ'ची खूण पुसून गेलीय,
आणि मलाच विचारतोय, तू कोण.

तरी लिहून देते की
मंगळवार सकाळचं यंत्र व बुधवार दुपारचं यंत्र
ही दोन्ही एकच असून
त्याबाबत कोणाची हरकत असल्यास
बोर्ड भंगारवाल्याकडे आहे, जाऊन विचारावं.
खुंटी टाचण्यांच्या डबीत आहे.

छबूबाई दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आल्या होत्या.
अर्धं वाक्य सापडलं, कॉम्प्युटरनंच जपून ठेवलेलं.
पुढचं मी टाइप केलं:
ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत.

आवाज तोच आहे की हो याचा, त्या म्हणाल्या.
पंखा जुनाच आहे, म्हटलं.

कागद गरम होता अजून.
त्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं,
आणि विचारलं,
सही कोणत्या नावानं करू?